२०० मीटर फ्रीस्टाइल: तिसरं पन्नास का कोसळतं?

उथळपाणी

वयोगट स्पर्धांची तयारी करणाऱ्या गटातल्या एका मुलीचे आकडे देतो, कारण नुसतं वर्णन करून उपयोग नाही. वय १४, उंची १६३ सेंमी, मुख्य प्रकार फ्रीस्टाइल. ५० मीटरच्या तलावात सर्वोत्तम वेळा: ५० ला २९.६, १०० ला १:०४.२ (३०.९ + ३३.३). गेल्या स्पर्धेत २०० ला २:२४.६ लागले. स्प्लिट (दर पन्नासची वेगळी वेळ) असे:

३१.९ / ३७.१ / ३८.९ / ३६.७

प्रत्येक हात वेगळा मोजला तर चार लॅपचे स्ट्रोक ३८, ४३, ४८, ५०. सुरुवातीच्या उडीनंतर साधारण ८ मीटरवर वर येते, टर्ननंतर जेमतेम ५ मीटरवर.

सराव आठवड्याला सहा सत्रं, सत्राला ४,५०० ते ५,००० मीटर. १० × १०० मीटर १:४५ च्या इंटरव्हलवर (दर १:४५ ला एक) ती १:१६ ने सहज काढते, शेवटचा शंभर पहिल्याइतकाच. भिंत ढकलून घेतलेली ४०० ची चाचणी ५:०२, २०० ची २:२८. आठवड्यातून दोनदा ८ × २५ पूर्ण वेगात, भरपूर विश्रांती देऊन. म्हणजे दम नाही असं म्हणवत नाही आणि वेग नाही असंही नाही. तरी दर स्पर्धेत तिसरं पन्नास असंच जातं, आणि चौथ्यात पुन्हा दोन सेकंद कुठून तरी निघतात. गटातल्या आणखी तिघांचौघांचं चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे.

पालकांचं म्हणणं, मीटर वाढवा. मला विचारायचंय ते असं: हा सरावाचा दोष आहे, शर्यत चुकीची आखल्याचा, की तंत्राचा? आणि तो दोष वेगळा काढायचा तर नेमकं काय मोजायचं?

पेसक्लॉक

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १:१६ चा शंभर म्हणजे पन्नासला ३८. तिसरं पन्नास ३८.९. दमल्यावर ती जिथे आठवडाभर मुक्कामाला असते तिथेच जाऊन बसली.

चाचणीवरून क्रिटिकल स्पीड काढून बघा. ४०० च्या वेळेतून २०० ची वजा करायची आणि निम्मे करायचे: ३०२ − १४८ = १५४, निम्मे ७७, म्हणजे शंभराला १:१७. हा तो वेग, जो ती बराच वेळ टिकवू शकते. तिचे १:१६ चे शंभर या रेषेच्या काठावर पडतात. काम चांगलंच आहे, पण २०० च्या शर्यतीचा वेग हा नव्हे. २:२० पोहायचे असतील तर दुसऱ्या ते चौथ्या लॅपची सरासरी ३५.८ लागते. सरावात एका टोकाला ३८ आहे, दुसऱ्या टोकाला पूर्ण वेगाचे २५. मधल्या पट्ट्यात ती आठवड्यातून एकदाही जात नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र तो वेग आपोआप यावा अशी आपली अपेक्षा.

आता आखणी. तिच्या १०० च्या सर्वोत्तम वेळेत पहिलं पन्नास ३०.९ आहे. २०० मध्ये ती ३१.९ ला गेली, फरक फक्त एका सेकंदाचा. या वयात हा फरक दीड ते दोन सेकंदांचा असायला हवा. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या. ३२.६ ऐवजी ३१.९ म्हणजे वेग दोन टक्क्यांनी जास्त, पण ढोबळ हिशेबाने शक्ती सुमारे सात टक्के जास्त. ही जादा शक्ती ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येत नाही, स्नायूतला साखरेचा साठा झटपट जाळून येते. त्या जळण्यातून जे साचतं ते ७०–८० सेकंदांनी, म्हणजे नेमकं तिसऱ्या लॅपमध्ये, हात जड करतं. चौथ्यात दोन सेकंद परत मिळाले ते शेवट दिसला म्हणून. तोपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

वरच्या पातळीवर शर्यत कशी दिसते त्यासाठी जर्मनीच्या पॉल बीडरमनची २००९ ची रोममधली १:४२.०० बघा: २४.२३, २५.८९, २६.१८, २५.७०. वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या सूटचा काळ होता, ते सोडून देऊ. दुसरा, तिसरा, चौथा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत आहेत, आणि दोन अर्ध्यांतला फरक १.७६. तुमच्या मुलीचे दोन अर्धे १:०९.० आणि १:१५.६, फरक ६.६. तिला बीडरमन व्हायचं नाहीये, पण हा फरक चारच्या खाली आणणं सहज शक्य आहे. मी तिच्यासाठी असा आराखडा मांडेन:

३२.६ / ३५.६ / ३६.३ / ३५.५ = २:२०.०

मुलं १०० चा आराखडा २०० ला लावतात ही नेहमीची अडचण. १०० मध्ये पहिल्या पन्नासात झोकून देणं परवडतं. चीनच्या पॅन झानलेने २०२४ ला पॅरिसमध्ये ४६.४० ची वेळ नोंदवली ती २२.२८ आणि २४.१२ अशी होती. पडझड दिसायच्या आत शर्यत संपते. २०० मध्ये संपत नाही.

सेट: ५० मीटर, लक्ष्य ३६.०, दर १:०० ला एक. भिंत ढकलून सुरुवात, शेवट हाताने. एखादं ३६.५ च्या वर गेलं की ते चुकलं. चुकलं की पुढचं एक सोडायचं, भिंतीला थांबायचं, आणि पुन्हा सुरू. सलग दोन चुकले किंवा एकूण तीन चुकले की तिचा सेट संपला, कितीही उरलेले असोत. पहिली चूक कितव्याला झाली ते वहीत लिहायचं, हाच तिचा गुण. सुरुवातीला सहाव्या-सातव्यालाच चूक होईल. ती १४–१६ पर्यंत सरकली की लक्ष्य ३५.६ करा, इंटरव्हल तोच. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. "चुकलीस तरी पूर्ण कर" असं म्हणायचं नाही. वेग पडल्यावर काढलेले मीटर तिला पुन्हा ३८ चाच स्ट्रोक शिकवतात, जो तिला आधीच येतो.

दहा दिवसांतून एकदा तुटक २००: ४ × ५०, मध्ये १० सेकंद, एकूण वेळेतून ३० सेकंद वजा. पहिलं पन्नास उडी मारून ३२.६, ना कमी ना जास्त. ३१.८ आलं तर थांबवा, शिट्टी वाजवा, पुन्हा सुरू करा. संयम हाही सरावानेच येतो आणि तो शिकवायला सगळ्यांत कठीण, कारण पहिल्या पन्नासात सगळंच सोपं वाटत असतं.

स्ट्रोकबद्दल. दुसऱ्या लॅपमध्ये सुमारे ४५ मीटर पोहायला ४३ हात, म्हणजे दोन हातांच्या एका चक्राला २.०९ मीटर. तिसऱ्यात ४८ हात, १.८८ मीटर. चक्राला २० सेंमी गेले. गती मात्र मिनिटाला साधारण ३७ चक्रांवरून ४० वर गेली. हात जास्त वेगाने फिरतायत आणि पाणी कमी पकडलं जातंय. गती पडली असती आणि लांबी टिकली असती तर मी वेगळं बोललो असतो. इथे कोपर खाली पडतंय, पाणी पकडण्याआधीच तळहात खाली दाबला जातोय. बाजूने, पाण्याखालून तिसऱ्या लॅपचं चित्रीकरण करा. पहिल्या लॅपचं बघून काहीही कळणार नाही, तिथे सगळेच सुंदर पोहतात.

पाणकावळा

वरच्याशी सहमत, पण टर्न सुटला. लांब तलावात तीनच टर्न म्हणून दुर्लक्ष होतं.

भिंतीच्या ५ मीटर आधी डोकं आलं की घड्याळ सुरू, टर्न घेऊन १० मीटरवर डोकं आलं की बंद. तिन्ही टर्नची ही वेळ स्टँडमधून चित्रीकरण करून काढा, हाताने मोजून अंदाजच येईल. पहिल्या आणि तिसऱ्या टर्नमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर तुमच्या कोसळण्यातला बराच भाग पाण्यावर नाही, भिंतीवर आहे. "जेमतेम ५ मीटर" हे वाचूनच शंका आली.

तिथे सहसा काय बिघडतं? भिंतीआधीच्या शेवटच्या दोन हातांत श्वास घेतला जातो, डोकं वर, कंबर खाली, गिरकी सावकाश. पाय भिंतीला वर लागतात, मग ढकलल्यावर शरीर तिरकं खाली जातं आणि वर येण्यात वेग खर्च होतो. पाय पाण्याच्या पृष्ठभागाखाली ३०–४० सेंमीवर लागावेत, गुडघ्यात साधारण काटकोन, आणि ढकलण्याची दिशा आडवी. पाऊण सेकंदभर शरीर अर्धा मीटर खोल राहिलं की लाटांचा अडथळा बराच कमी होतो. पृष्ठभागाला घासत गेलं तर ढकललेलं सगळं लाटा उठवण्यात जातं.

डॉल्फिन किक (पाण्याखाली दोन्ही पाय जोडून मारलेली) किती हे ठरवून टाका. माझं मत: या मुलीला तीन. सहा नकोत, एकही नको असंही नको. पहिल्या टर्नला पाच आणि तिसऱ्याला शून्य यापेक्षा तिन्हींना तीन-तीन बरे. नियमाने डोकं १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहू शकतं, पण किकचा वेग पोहण्याच्या वेगाखाली गेला की खाली राहण्यात अर्थ नाही. ज्याची किक कमकुवत त्याने ७ मीटरला वर यावं. वर आल्यावर पहिल्या हाताला श्वास नाही, दुसऱ्याला घ्या.

आणि हे तीन किक सरावातल्या प्रत्येक टर्नला, वॉर्म-अपच्या आठशे मीटरमध्येसुद्धा. वॉर्म-अपमध्ये आळशी टर्न आणि शर्यतीत चपळ टर्न असं होत नाही. भिंतीला दिवसात ऐंशी-नव्वददा पाय लागतो, त्यातले पंच्याऐंशी ढिले असले तर शर्यतीत तेच येणार.

एक गोष्ट निक्षून: पाण्याखालचं अंतर वाढवायचं म्हणून श्वास रोखायचे सेट लावू नका. जोरजोरात श्वास घेऊन मग लांब बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्याखाली काही न कळता बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारेही यात गेले आहेत. पाण्याखालचं काम १०–१५ मीटरचे तुकडे, मध्ये पूर्ण श्वास, आणि काठावर बघणारा माणूस.

कासवगती

थोडा विरोधी सूर. पेसक्लॉक यांचं निदान मान्य, औषधाची मात्रा नाही.

१४ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोनदा चुकेपर्यंत शर्यतीचा वेग, शिवाय तुटक २००, शिवाय आधीचे २५. तीन-चार महिने वेळा झपाट्याने उतरतील, सगळे खूश. पुढे काय? याच वयात ४०० आणि ८०० चा पाया घातला जातो, चारही प्रकार शिकले जातात. २०० मेडले (एकाच शर्यतीत चारही प्रकार) नीट पोहणारी मुलगी सोळाव्या वर्षी कुठेही जाऊ शकते. फक्त ५० च्या तुकड्यांवर वाढलेली मुलगी पुढे अडते. या वयात लक्ष्य १४ व्या वर्षाची वेळ नसावी. मुली साधारण १२ च्या आसपास आणि मुलगे १४ च्या आसपास सगळ्यांत वेगाने उंच होतात. त्यानंतरची दोन वर्षं शरीराचं प्रमाण बदलत असतं, पाण्यातला तोल बदलतो, आणि वेळा थिजतात. तेव्हा हातात फक्त एक हत्यार असलं की सगळं संपल्यासारखं वाटतं. सोडून जाणाऱ्या मुली जास्त करून याच टप्प्यावर सोडतात.

माझं म्हणणं, शर्यतीच्या वेगाचा सेट आठवड्यातून एकदा, आणि तोही ६०० मीटरच्या वर नाही. दुसऱ्या दिवशी त्याऐवजी ५ × २००, प्रत्येक २०० मध्ये शेवटचं पन्नास पहिल्यापेक्षा जलद, विश्रांती ३० सेकंद. यात तिला मागे ठेवायला शिकावं लागतं. किक वेगळी मोजा: २०० मीटर किकबोर्डवर किती? बोर्डावर चार मिनिटांच्या आसपास घुटमळत असेल तर तिसऱ्या लॅपमध्ये कंबर बुडते ती पायांमुळे. आणि पहिल्या शंभरात सहा ठोक्यांची जोरदार किक मारत असेल तर तेही तपासा. मांडीचे स्नायू मोठे, ते सगळ्यांत जास्त ऑक्सिजन खातात. पहिल्या शंभरात पाय हलके, फक्त कंबर वर ठेवण्यापुरते, आणि तिसऱ्या टर्ननंतर पूर्ण जोर.

मीटर वाढवण्याच्या बाबतीत मात्र पालकांना माझ्याकडूनही नाही म्हणून सांगा. सहा सत्रांत २७–३० हजार मीटर पुरेसे आहेत.

उथळपाणी

आभारी आहे. चित्रीकरण बघितलं. पेसक्लॉक यांचं कोपराबद्दलचं आणि पाणकावळा यांचं तिसऱ्या टर्नबद्दलचं, दोन्ही तंतोतंत: तिसऱ्या टर्नला एक किक, वर येताच श्वास, पाय भिंतीला फार वर. पहिल्या आणि तिसऱ्या टर्नमध्ये ०.७ सेकंदाचा फरक निघाला.

आता व्यवहाराची अडचण. २२ मुलं, ४ लेन, कोच एकटा. दर ५० ला प्रत्येकाची वेळ मी कशी घेणार? आणि श्वासाचं काय सांगू? ती पहिल्या लॅपमध्ये दर चार हातांनी घेते, नंतर दर दोन हातांनी.

पेसक्लॉक

वेळ तुम्ही घ्यायचीच नाही, मुलांनी घ्यायची. तलावाच्या दोन्ही टोकांना पेस क्लॉक (सेकंद दाखवणारं मोठं घड्याळ) हवं, लांब तलावात ५० दुसऱ्या टोकाला संपतं म्हणून. एकाच टोकाला असेल तर पहिला खर्च तिथे करा, पॅडल-बिडल (हाताला लावायच्या पट्ट्या) नंतर. लेनमध्ये ५ सेकंदांच्या अंतराने सोडा. दुसरी मुलगी :०५ ला निघाली आणि लक्ष्य ३६ असेल तर तिने :४१ ला भिंत गाठायची, तिसरी :१० ची :४६ ला. ही वजाबाकी आठवडाभरात जमते. मग मुलं खोटंही बोलत नाहीत, कारण मागचा-पुढचा ऐकत असतो.

१:०० च्या इंटरव्हलवर लेनला पाचच जण. पाचवी :२० ला निघून :५६ ला पोचते. सहावी :२५ ला निघेल ती १:०१ ला येईल, तोवर पहिली परत निघालेली असेल आणि भिंतीशी गर्दी होईल. तुमचे २२ म्हणजे दोन लेन पाच-पाचच्या, दोन सहा-सहाच्या. हळू मुलं सहाच्या लेनमध्ये घाला आणि त्यांचा इंटरव्हल १:१० करा, त्यांना तसाही जास्त लागतो. चुकलेल्या मुलीने भिंतीच्या कोपऱ्यात, लेनच्या दोरीला लागून थांबायचं, मधोमध नाही. तुम्ही त्या वेळात एका वेळी एकाच लेनकडे बघा आणि फक्त एक गोष्ट बघा, उदाहरणार्थ हात पाण्यात शिरल्यावर कोपर. सगळ्यांचं सगळं बघणारा कोच काहीच बघत नाही.

श्वास: २०० मध्ये पहिल्या हातापासून दर दोन हातांनी. पहिल्या लॅपमध्ये चारवर राहून ती जी उसनवारी करते ती तिसऱ्यात फेडावी लागते. सरावाच्या हळू भागात दर तीन हातांनी, दोन्ही बाजूंना, म्हणजे स्ट्रोक एकांगी होत नाही. शर्यतीत तो प्रयोग नको.

कासवगती यांच्याशी एका मुद्द्यावर तडजोड: सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, मग चार आठवडे एकदा. ६०० मीटरची मर्यादाही मान्य, बारा पन्नासांच्या पुढे या वयात फारसं हाती लागत नाही. म्हणजे वर मी १४–१६ म्हटलं ते १२ समजा. बाराच्या बारा नीट गेले की लक्ष्य उतरवा. ५ × २०० चा सेट चांगला आहे, तोही घ्याच.

खांदेपालट

वेगाचं काम वाढवण्याआधी खांदे बघून घ्या. चाळीस लॅपचा साधा सराव म्हणजेसुद्धा दोन हातांचे मिळून जवळपास अठराशे फेरे होतात, तुमच्या सत्राला त्याच्या दुप्पट-अडीचपट. कोपर पडलेल्या स्ट्रोकने वेग वाढवला की पहिला आवाज खांद्यातून येतो.

बघायचं काय: हात पाण्यात शिरताना डोक्याची मधली रेषा ओलांडतो का, आणि अंगठा आधी शिरतो का. दोन्हींमुळे दंडाचं हाड आत वळतं आणि खांद्याच्या वरच्या कमानीखाली स्नायूबंध चिमटतात. हात खांद्याच्या रेषेत, बोटांची टोकं आधी, तळहात खाली. एकाच बाजूला श्वास घेणाऱ्यांचा दुसरा हात शिरताना रेषा ओलांडतो, तिथे आधी बघा. पॅडल हाताच्या पंजापेक्षा बोटभरच मोठे असावेत, आणि शर्यतीच्या वेगाच्या सेटला पॅडल नकोतच. खांदा दुखतोय म्हणून "आज फक्त किक" म्हणत बोर्ड देऊ नका. बोर्डावर हात पुढे ताणून ठेवणं हीच दुखऱ्या खांद्याची सगळ्यांत वाईट अवस्था. पाठीवर, हात बाजूला ठेवून किक मारू द्या.

जमिनीवर आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं: रबर बँडने दंड बाहेर वळवणे २ × १५, बँड छातीकडे ओढून खांद्याची पाती मागे जुळवणे २ × १५, पुश-अपच्या शेवटी पाती पुढे ढकलणे २ × १२. ताणण्याचे व्यायाम बहुतेक पोहणाऱ्यांना कमीच पुरतात, त्यांचे खांदे आधीच सैल असतात. एकमेकांचे हात मागे ओढून ताणणं बंद करा. काम करून आलेला थकवा रात्रीत जातो. दुसऱ्या दिवशी वॉर्म-अपनंतरही टोचत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.

आणखी एक, मुलींच्या बाबतीत कोच विचारायला संकोचतात म्हणून लिहिते. शर्यतीचा दुसरा अर्धा अचानक खालावला, विश्रांतीने सुधारत नाही, चेहरा फिका, तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घ्यायला सांगा. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली तर ते "सराव जोरात चाललाय" याचं लक्षण नव्हे. खाणं खर्चाला पुरत नाहीये. डॉक्टरकडे न्या, सराव कमी करा. आणि वजन? कोचने वजनकाटा काठावर आणूच नये.

शेवटची लेन

धागा चांगला चाललाय, एक वेगळा विचार टाकतो. पालक ०.३ सेकंद सुधारले नाहीत म्हणून घायकुतीला येतात, त्यांना सांगायला उपयोगी पडेल.

१९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मेडलेचं सुवर्ण गुन्नार लार्सनला मिळालं ते टिम मॅकीपेक्षा दोन सहस्रांश सेकंदांनी. त्यानंतर निकाल शतांशावर थांबवले गेले, आणि त्याला सबळ कारण आहे. नियमाने तलाव ५० मीटरपेक्षा कमी चालत नाही, पण भिंतीला थोडी जास्तीची सूट आहे, बराच काळ ती तीन सेंटीमीटरपर्यंत होती. एका सहस्रांशात वेगवान पोहणारा दोन मिलिमीटर जातो. दोन लेनमध्ये भिंत तितकी सारखी बांधलेलीच नसते. म्हणून बरोबरी ही बरोबरीच राहते: २०१६ ला रिओत सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक दोघींना ५२.७० वर सुवर्ण, आणि १०० बटरफ्लायला फेल्प्स, ले क्लोस आणि चेह अशा तिघांना ५१.१४ वर रौप्य.

तुमच्या मुलीच्या पातळीवर हिशेब करा. तलाव ३ सेंमी लांब असेल तर २०० मीटरमागे १२ सेंमी जास्त, म्हणजे तिच्या वेगाने जवळपास ०.०९ सेकंद. त्यात पाण्याचं तापमान, लेनच्या दोऱ्या लाटा किती मारतात, तलाव किती खोल, हे सगळं मिळवा. आणि हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकशी तोलूच नका, शिट्टी ऐकून अंगठा दाबण्यातच दहावा-पाचवा हिस्सा सेकंद जातो. दोन वेगवेगळ्या तलावांतल्या वेळांत तीन दशांशाचा फरक म्हणजे मुलगी बिघडली असं म्हणायला आधार नाही. स्प्लिटची ठेवण आणि स्ट्रोकची संख्या मात्र कुठल्याही तलावात खरं बोलतात. माझा आग्रह, पालकांना वेळेबरोबर हे दोन रकानेही द्या. पुढच्या खेपेला ती २:२४ च पोहली पण ३३.० / ३६.४ / ३७.६ / ३७.० अशी, तर ती मोठी सुधारणा आहे, आणि घरी कुणाला ते कळणार नाही जर तुम्ही सांगितलं नाही.

शतांश जिथे खरोखर आपल्या हातात आहे ती जागा म्हणजे शेवटचा स्पर्श. २००८ ला बीजिंगमध्ये १०० बटरफ्लाय फेल्प्सने ५०.५८ ला जिंकली, चाविच ५०.५९. एकाने अर्धा स्ट्रोक मारून भिंत गाठली, दुसरा सरपटत गेला. शेवटच्या ५ मीटरला श्वास नाही, मान खाली, शेवटचा हात पूर्ण ताणून बोटांनी पाटी दाबायची. सरावात दर पन्नासला करून घ्या.

कासवगती

स्पर्धेच्या दिवसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

या वयाला मोठ्या टेपरची (स्पर्धेआधी सराव कमी करत नेण्याची) गरज नसते. आठ-दहा दिवस पुरतात. अंतर हळूहळू निम्म्यापर्यंत आणा, सत्रांची संख्या तितकीच, वेग तोच. वेगही कमी केला तर मुलं पाण्यात जड होऊन येतात आणि मग टेपरला दोष देतात. शेवटचा ५० चा सेट स्पर्धेच्या चार दिवस आधी, सहाच पन्नास, सगळे ३६ ला, चुकेपर्यंत नाही.

त्या दिवशी वॉर्म-अप १,००० ते १,२०० मीटर. शेवटी दोन गोष्टी: उडी मारून १५ मीटर, आणि १ × ५० भिंतीवरून ३६ ला. पूर्ण वेगाचं पन्नास नको, कारण अंगाला तोच वेग "बरोबर" वाटायला लागतो आणि पहिला लॅप पुन्हा ३१ चा होतो. वॉर्म-अप आणि शर्यतीत पाऊण तासापेक्षा जास्त अंतर पडलं तर अंग थंड होतं. कोरडे कपडे, मोजे, आणि शर्यतीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी काठावर हात-पाय हलवून घ्या, जवळ छोटा तलाव असेल तर ३०० मीटर हळू.

ब्लॉकवर जाताना एकच सूचना द्या. तिच्या बाबतीत "पहिल्या शंभरात पाय हलके" एवढंच. टर्न, श्वास, कोपर या गोष्टी तोवर अंगात उतरल्या असतील तर होतील, नसतील तर त्या क्षणी सांगून होणार नाहीत. शर्यत संपल्यावर आधी ४००–६०० मीटर हळू पोहू द्या, मग स्प्लिट दाखवा.